ओझरहून उडताना: विमानतळावरची झडती, तिचे नियम आणि तुमचे हक्क

नाशिकच्या ओझर विमानतळावरून विमान पकडणारे असोत, की नाशिकहून गाडीने मुंबई गाठून परदेशी जाणारे, सगळ्यांची खरी चिडचिड होते ती सुरक्षा तपासणीच्या रांगेत. काय नेता येतं हे सगळेच विचारतात. झडती घेणाऱ्याचा अधिकार कुठे संपतो हे फार थोडे विचारतात. इथे दोन्हींची उत्तरं आहेत. वाचताना एक ध्यानात ठेवा: विमानतळावर समोर येणारा प्रत्येक गणवेश वेगळ्या कायद्याखाली काम करतो. सुरक्षा तपासणीवाला विमानाला धोका शोधतो, कस्टम्सवाला चोरटा माल, इमिग्रेशनवाला पासपोर्ट आणि नाव. एकाचा अधिकार दुसऱ्याला आपोआप मिळत नाही. बहुतेक वाद याच गल्लतीतून होतात.

ही तपासणी नेमकी कोणाच्या हुकमाने होते?

नियम ठरवते ब्यूरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटी, म्हणजे बीसीएएस. सप्टेंबर १९७६ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचं अपहरण झालं, त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, आत हा कक्ष सुरू झाला. जून १९८५ मध्ये कनिष्क विमान स्फोटात पडलं आणि १ एप्रिल १९८७ पासून बीसीएएस स्वतंत्र खातं झालं. डिसेंबर १९९९ च्या कंदाहार अपहरणानंतर विमानतळांवर सीआयएसएफ, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, आणायचं ठरलं. सुरुवात फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरला झाली. आजही देशात सगळीकडे सीआयएसएफ नाही, काही छोट्या विमानतळांवर राज्य पोलिस असतात. गणवेश कुठलाही असला तरी झडतीचे नियम बीसीएएसचेच.

कायदा म्हणाल तर १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या एअरक्राफ्ट ॲक्टच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला आहे. रोजच्या तपासणीला लागू होतात ते विमान सुरक्षा नियम, २०२३.

मी झडती द्यायला नकार दिला तर?

विमानात बसता येणार नाही, एवढं नक्की. प्रवास रद्द करून परत फिरणं हा मात्र स्वतःहून गुन्हा ठरत नाही. टर्मिनलबाहेर एकट्याने चालत जाता येत नाही. विमान कंपनीचा माणूस सोबत येतो, नोंद होते, मग बाहेर सोडतात. तुमची चेक-इन बॅग आत गेली असेल तर ती शोधून उतरवल्याशिवाय विमान हलत नाही. हा नियम कनिष्कच्या अनुभवातून कडक झाला: तेव्हा बॅग चढली होती, बॅगेचा मालक चढला नव्हता. म्हणून उशिरा नकार देणाऱ्यामुळे अख्खं विमान खोळंबतं आणि मग चौकशीही होते. नकार द्यायचाच असेल तर बॅग देण्याआधी द्या.

संमतीचा प्रश्न इथे तसा अवघडच आहे. तिकीट काढलं म्हणजे झडतीला होकार दिला असं मानलं जातं, पण दिल्लीत संध्याकाळपर्यंत पोचायचं असलेल्या माणसाकडे दुसरा पर्याय नसतो. म्हणूनच संमतीपेक्षा मर्यादा महत्त्वाची. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. त्यावर बंधन घालायचं तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. विमानात शस्त्र जाऊ नये म्हणून अंगावर हात फिरवणं या कसोटीला उतरतं. त्याच निमित्ताने तुमची डायरी वाचणं उतरत नाही.

ओझरला किती आधी पोचावं? आत क्रम कसा असतो?

देशांतर्गत उड्डाणाला चेक-इन साधारण ६० मिनिटं आधी बंद होतं आणि बोर्डिंग गेट २५ मिनिटं आधी. ओझर शहरापासून सुमारे २० किलोमीटर आहे. आडगाव ते दहावा मैल या पट्ट्यात ट्रक अडकले की वेळेचा अंदाज चुकतो, म्हणून दीड-दोन तासांचा हिशेब धरा. टर्मिनल छोटं असल्यामुळे रांग लहान असते. पण तपासणीच्या ओळीही मोजक्याच, त्यामुळे एका बॅगेत गोंधळ झाला की मागचे सगळे थांबतात.

क्रम असा: दारात तिकीट आणि ओळखपत्र, मग काउंटर, मग सुरक्षा. तिथे लॅपटॉप, टॅब, पॉवर बँक, चार्जर बॅगेतून काढून ट्रेमध्ये ठेवायचे. मोबाइल, पाकीट, किल्ल्या, पट्टाही ट्रेमध्ये. स्वतः धातू शोधणाऱ्या चौकटीच्या दारातून जायचं, मग हातातला डिटेक्टर आणि हाताने झडती. ट्रे यंत्रात गेल्याशिवाय दारातून पुढे जाऊ नका. मोबाइल हरवण्याच्या तक्रारी बहुतेक याच अर्ध्या मिनिटातल्या असतात.

दार कशामुळे वाजतं? मंगळसूत्र काढावं लागतं का?

दारात एक्स-रे नसतो. चुंबकीय क्षेत्र असतं आणि धातू आत आला की ते बदलतं. गर्भवती स्त्रीला त्याचा धोका नाही. मंगळसूत्र, जोडवी, पाटल्या काढायला लावण्याचा सरसकट नियम नाही. यंत्र वाजलं तर हातातला डिटेक्टर त्या जागेवर फिरवून खात्री करतात. येवल्याची अस्सल जरीची पैठणी नेसली असेल तर डिटेक्टर काठापदराजवळ कुरकुरू शकतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गुडघ्यात बसवलेला सांधा, हाडातला रॉड यांनीही वाजतं. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली की बोलणं लवकर संपतं, मात्र चिठ्ठीमुळे हाताची तपासणी टळत नाही.

माझीच बॅग दरवेळी का उघडतात?

यंत्राच्या पडद्यावर वस्तू रंगात दिसतात: सेंद्रिय पदार्थ नारिंगी, धातू निळे, मधले हिरवे. किरण आरपार जातच नाहीत अशी जाड वस्तू काळी. बहुतेक स्फोटकं सेंद्रिय आणि दाट, म्हणजे नारिंगी. आणि दाट नारिंगी ठोकळा आणखी कशाकशाचा दिसतो? पेढ्यांचा खोका, चिक्कीची पाकिटं, मनुकांची दोन किलोंची पिशवी, साबणाच्या वड्या. त्यावर चार्जरच्या वायरी गुंडाळून ठेवल्या की चित्र आणखी वाईट होतं. पडद्यासमोरच्या माणसाला निर्णय घ्यायला काही सेकंद असतात, तो बॅग बाजूला काढतोच.

उपाय साधा आहे. खाऊ एका पिशवीत आणि सर्वांत वर, वायरी दुसऱ्या कप्प्यात, धातूचे डबे चेक-इनमध्ये. चिवडा हवेशीर असतो, तो सहसा सुटतो. बॅग उघडायची तर ती तुमच्यासमोर उघडायला हवी. तुम्ही तिथे पोचेपर्यंत थांबा असं सांगायला संकोचू नका.

कापडाची पट्टी बॅगेवर घासून यंत्रात घालतात, ते काय? आणि द्राक्षवाल्यांचीच का वाजते?

ते स्फोटकांचे सूक्ष्म कण शोधणारं यंत्र. पट्टीवरचे कण तापवून त्यांचे आयन केले जातात आणि ते किती वेगाने सरकतात त्यावरून पदार्थ ओळखतात. अडचण अशी की काही निरुपद्रवी वस्तूंतही तेच घटक असतात. ग्लिसरीन असलेलं हँड क्रीम, हृदयविकाराची नायट्रोग्लिसरीनची गोळी, दिवाळीतले फटाके, आणि खतं. निफाड-दिंडोरीकडच्या बागांत पोटॅशियम नायट्रेट, कॅल्शियम नायट्रेट सर्रास वापरतात. सकाळी बागेत ड्रिपमधून खत सोडायचं आणि त्याच हातांनी दुपारी बॅग उचलायची, म्हणजे यंत्राला कारण देणं.

हात साबणाने धुवा, बागेतली सॅक प्रवासाला घेऊ नका, बूट बदला. तरीही वाजलं तर दुसरी पट्टी घेतात, बॅग पूर्ण रिकामी करतात, प्रश्न विचारतात. खत हाताळल्याचं सरळ सांगा. यंत्राचा इशारा हा पुरावा नसतो. तो पुढच्या तपासणीचं कारण असतो, इतकंच. त्यावरून कोणाला गुन्हेगार ठरवून बोलणं चूक आहे आणि तशी तक्रार करता येते.

नाशिकच्या कोणत्या वस्तूंवर हमखास अडतं?

वाइन: हँडबॅगेत बाटली घेऊ नका, चेक-इनमध्ये सीलबंद चालते. २४ ते ७० टक्के अल्कोहोलच्या पेयांना माणशी ५ लिटरची मर्यादा आहे. वाइन २४ टक्क्यांच्या खाली असल्यामुळे धोकादायक मालाच्या या मर्यादेत बसत नाही, पण कंपनीचा स्वतःचा नियम पाहून घ्या आणि बिल जवळ ठेवा. अहमदाबादला जाणाऱ्यांनी मात्र जपून: ओझरला बाटली यंत्रातून सुटेल, उतरल्यावर गुजरातचा दारूबंदी कायदा लागू होईल. सुरक्षा तपासणीतून सुटली म्हणजे वस्तू कायदेशीर झाली असं होत नाही.

सुकं खोबरं: दोन्हीकडे बंद. तेलकट खोबरं आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून ते आंतरराष्ट्रीय धोकादायक मालाच्या यादीत यूएन १३६३ या क्रमांकाने आहे. अख्खा नारळही हँडबॅगेत चालत नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंना २० जानेवारी २०२५ पर्यंत इरुमुडीतला (डोक्यावर न्यायच्या पूजासाहित्याच्या गाठोड्यातला) नारळ नेण्याची खास सूट दिली होती, यावरून नियम किती पक्का आहे ते कळतं. त्र्यंबकेश्वरचा प्रसादाचा नारळ फोडून, खाऊन जा.

मिसळीचा मसाला, लाल तिखट: चेक-इनमध्ये. डोळ्यांत फेकण्याची वस्तू म्हणून ते केबिनमध्ये घेऊ देत नाहीत.

छाटणीची कात्री, कोयती, पाना, स्क्रू ड्रायव्हर: चेक-इनमध्ये. लायटर आणि काडेपेटी घरीच ठेवा.

पॉवर बँक: फक्त केबिनमध्ये. चेक-इन बॅगेत सापडली तर तुम्हाला नाव पुकारून बोलावतात आणि बॅग उघडायला लावतात. यात दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. मर्यादा १०० वॉट-तासांची. हिशेब असा: एमएएच भागिले १०००, गुणिले ३.७. म्हणजे २०,००० एमएएचची बँक ७४ वॉट-तास, चालते. साधारण २७,००० पर्यंत चालते. १०० ते १६० वॉट-तासांना कंपनीची परवानगी लागते. आकडा पुसला गेला असेल तर जप्त होऊ शकते, त्याला वाद घालून उपयोग नाही.

द्रव पदार्थांचा १०० मिलिलिटरचा नियम (सगळ्या बाटल्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत) आंतरराष्ट्रीय उड्डाणांना कडक लागतो. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आला, त्यानंतरचा हा नियम. मुंबईहून परदेशी जाणाऱ्यांनी तूप, लोणचं, काकवी चेक-इनमध्येच टाकावी.

रामकुंडावर विसर्जनासाठी अस्थी विमानाने आणता येतात का?

येतात, आणि हा प्रश्न बाहेरगावचे नातेवाईक फार विचारतात. कंपनीला आधी कळवा. मृत्यूचा दाखला आणि स्मशानभूमीची दहनाची पावती मूळ प्रतीत जवळ ठेवा. अस्थी हँडबॅगेत घ्या, कारण चेक-इन बॅग उशिरा येऊ शकते किंवा चुकू शकते.

खरी अडचण कलशाची. जाड पितळी किंवा तांब्याच्या कलशातून किरण नीट जात नाहीत, पडदा काळा दिसतो आणि मग उघडण्याचा आग्रह होतो. मातीचं छोटं मडकं किंवा लाकडी डबा, आत कापडी पुरचुंडी, बाहेरून घट्ट झाकण, असं केलं तर यंत्रातच शंका मिटते. तांब्याचा कलश हवाच असेल तर तो रिकामा वेगळा न्या आणि गोदाघाटावर त्यात अस्थी घाला. रांगेत उभं राहण्याआधीच जवानाला हळू आवाजात सांगा. बाजूला, इतरांच्या नजरेआड तपासणी मागणं हा आगाऊपणा नाही.

कृपाण चालतं, मग साधूंचं त्रिशूळ का नाही?

२०२७ च्या सिंहस्थात हा प्रश्न वाढणार. मार्च २०२२ च्या आदेशानुसार शीख प्रवाशांना देशांतर्गत उड्डाणात कृपाण नेता येतं. पातं ६ इंचांपर्यंत, एकूण लांबी ९ इंचांपर्यंत. याविरुद्धची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये फेटाळली. आधार राज्यघटनेतच आहे: कलम २५ च्या स्पष्टीकरणात कृपाणाचा नावानिशी उल्लेख आहे. त्रिशूळ, चिमटा, फरशी यांना अशी सूट नाही, ती चेक-इनमध्ये जातात. रुद्राक्ष, माळा, भस्माची छोटी डबी यांना अडचण नसते.

स्त्रियांची झडती कोण घेतं? पडदा, पगडी, बुरखा यांचं काय?

स्त्रीची झडती स्त्रीच घेते, आणि आडोशाच्या कक्षात. महिला कर्मचारी नसेल तर थांबायचं, पुरुषाने घ्यायची नाही. चेहरा ओळखपत्राशी ताडण्यासाठी बुरखा वर करायचा असेल तर तो महिला कर्मचाऱ्यासमोर, आडोशाला. पगडी उघड्यावर सोडायला सांगू नये. डिटेक्टर फिरवून किंवा पट्टी घासून तपासता येते, आणि त्याउपर शंका राहिली तर बंद खोली मागा. ट्रान्सजेंडर प्रवाशांबाबत २०१९ चा कायदा सार्वजनिक प्रवासात भेदभाव करायला मनाई करतो. प्रत्यक्षात मात्र दोनच रांगा असतात आणि तिथे जवानाच्या समजुतीवर फार सोडलेलं असतं. कोणाकडून तपासणी हवी ते आधीच सांगा आणि खासगी कक्ष मागा.

कृत्रिम पाय काढून दाखवा म्हणाले तर?

काढायला लावू नये. ऑक्टोबर २०२१ मध्ये नर्तिका सुधा चंद्रन यांनी आपला कृत्रिम पाय दरवेळी काढायला लावतात असा व्हिडिओ टाकला, सीआयएसएफने माफी मागितली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपंग हक्क कार्यकर्त्या जीजा घोष यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की माणसाच्या प्रतिष्ठेसाठी कृत्रिम अवयव काढायला सांगू नये, आणि अपंग व्यक्तीला तिच्या संमतीशिवाय उचलू नये. याच जीजा घोष यांना २०१२ मध्ये विमानातून उतरवलं होतं आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना १० लाख रुपये भरपाई देवविली होती. प्रत्यक्षात पट्टी घासून कणांची तपासणी आणि हाताची तपासणी पुरते. जवानाला निकालाचं नाव सांगितलं तर बहुधा तो वरिष्ठांना बोलावतो, तेच हवं असतं.

पेसमेकर असेल तर कार्ड दाखवा. दारातून नेहमीच्या चालीने जाता येतं, पण तिथे रेंगाळू नका आणि हातातला डिटेक्टर छातीवर धरून ठेवू देऊ नका. हाताने तपासा म्हणा.

बॉडी स्कॅनरमध्ये नग्न चित्र दिसतं का?

आधी दिसायचं. अमेरिकेत मंद एक्स-रेच्या स्कॅनरवर याच कारणाने एवढा वाद झाला की २०१३ पर्यंत ते विमानतळांवरून काढले. आताचे स्कॅनर मिलिमीटर लहरींचे असतात. त्या आयनकारक नसतात, म्हणजे एक्स-रेसारख्या पेशींना इजा करत नाहीत. पडद्यावर सगळ्यांसाठी एकच बाहुलीसारखी आकृती येते आणि शंकेच्या जागी चौकोन. बीसीएएसने एप्रिल २०१९ मध्ये ८४ विमानतळांना मार्च २०२० पर्यंत स्कॅनर बसवायला सांगितलं होतं. ती मुदत उलटून गेली. आमचं मत: कोणाचाही हात न लागता होणारी तपासणी हातझडतीपेक्षा बरी, अट एवढीच की चित्र साठवलं जाऊ नये.

आधार सक्तीचं आहे का? डिजियात्रा घ्यावं का?

आधार सक्तीचं नाही. पासपोर्ट, मतदार कार्ड, पॅन, वाहन परवाना, सरकारी नोकरीचं ओळखपत्र यांपैकी कुठलंही एक चालतं. पालकांसोबतच्या लहान मुलांना वेगळं ओळखपत्र लागत नाही.

डिजियात्रा म्हणजे चेहऱ्यावरून प्रवेश. १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बेंगळुरू, वाराणसीला सुरू झालं, २०२३ मध्ये पुणे आणि मुंबईला आलं. चालवते डिजियात्रा फाउंडेशन ही ना-नफा कंपनी. तिच्यात विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के, उरलेला पाच खासगी-भागीदारीतल्या विमानतळ कंपन्यांचा. धोरण असं सांगतं की माहिती तुमच्या फोनमध्येच राहते, निघण्याच्या विमानतळाला प्रवासापुरती जाते आणि उड्डाणानंतर २४ तासांत पुसली जाते. पुसली की नाही हे प्रवाशाला स्वतः पडताळता येत नाही, इथे खरी मेख आहे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही.

ते ऐच्छिक आहे. दारात कोणी तुमचा फोटो काढून नोंदणी करायला लागला तर 'मला साध्या रांगेतून जायचंय' एवढं पुरे. कारण द्यायची गरज नाही. डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बऱ्याच तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा आहे. त्यामुळे केवळ या कायद्याच्या भरवशावर चेहरा देऊ नये.

मोबाइल उघडून मेसेज दाखवा म्हणू शकतात का?

सुरक्षा तपासणीवाला नाही. उपकरण खरं आहे का हे पाहायला ते सुरू करून दाखवा म्हणू शकतो, गॅलरी आणि चॅट पाहणं त्याच्या कामात येत नाही. पोलिसांना गुन्ह्याच्या तपासात, कस्टम्सला त्यांच्या कायद्याखाली वेगळे अधिकार आहेत. कस्टम्स अधिकारी अंगझडती घेऊ लागला तर कस्टम्स कायद्याच्या कलम १०२ प्रमाणे जवळच्या राजपत्रित कस्टम्स अधिकाऱ्यापुढे किंवा दंडाधिकाऱ्यापुढे न्या असं म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. परदेशात चित्र वेगळं. अमेरिकेच्या सीमेवरचे अधिकारी वॉरंटशिवाय फोन पाहतात, आणि आपल्या नागरिकाने नकार दिला तर प्रवेशच नाकारला जाऊ शकतो.

बॅगेत रोकड असेल तर?

देशांतर्गत प्रवासात रोख नेण्यावर वरची मर्यादा नाही. पण पडद्यावर गड्ड्या दिसल्या की जवान प्राप्तिकर विभागाला कळवतो. त्याला स्वतः जप्त करायचा अधिकार नाही. लासलगाव-पिंपळगावच्या व्यापाऱ्यांनी बाजार समितीची हिशेबपट्टी, बँकेतून काढल्याची नोंद, पॅन बरोबर ठेवावं. निवडणुकीच्या आचारसंहितेत विमानतळावर १० लाखांहून जास्त रोकड सापडली की कळवणं ठरलेलंच असतं. शक्य असेल तर बँकेतूनच पाठवा.

बॅगेच्या तळाशी जुनं काडतूस निघालं तर अटक होते का?

होऊ शकते. परवानाधारकांच्या आणि नेमबाजीच्या सरावाला नेलेल्या बॅगांत असं हमखास निघतं. जिवंत काडतूस दिसलं की पोलिसांकडे सोपवतात आणि शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदतात. १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यापासून न्यायालयं विचारतात ते जाणीवपूर्वक बाळगण्याबद्दल. नकळत राहिलेल्या एखाद्या काडतुसावरून नोंदलेले गुन्हे उच्च न्यायालयांनी रद्द केलेले आहेत. पण तोवर विमान गेलेलं, वकील लागलेला, जबाब झालेला असतो. परवाना असेल तर त्याची प्रत दाखवा, सही करण्याआधी जबाब वाचा. सरावाची बॅग आणि प्रवासाची बॅग कायमची वेगळी ठेवा.

'बॅगेत काय बॉम्ब आहे का' असं सहज म्हटलं तर?

विमान चुकेल आणि पोलिस ठाण्यात दिवस जाईल. ऑक्टोबर २०२४ मध्ये खोट्या धमक्यांची लाट आली, डिसेंबर २०२४ मध्ये सुरक्षा नियमांत दुरुस्ती होऊन खोटी माहिती पसरवणं थेट बंदीच्या यादीत आलं.

विमानातल्या वर्तनासाठी नो-फ्लाय यादी वेगळी आहे. मार्च २०१७ मध्ये उस्मानाबादचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड यांचं एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला मारहाण केल्याचं प्रकरण गाजलं आणि सप्टेंबरमध्ये डीजीसीएचे नियम आले. शाब्दिक त्रासाला तीन महिन्यांपर्यंत, शारीरिक त्रासाला सहा महिन्यांपर्यंत, जिवाला धोका निर्माण केला तर किमान दोन वर्षं बंदी. निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या समितीने ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. त्यावर ६० दिवसांत निवृत्त उच्च न्यायालय न्यायाधीशांच्या समितीकडे अपील करता येतं. ही मुदत चुकवू नका. विनोदी कलाकार कुणाल कामरा यांच्यावरची २०२० मधली सहा महिन्यांची बंदी नंतर तीन महिन्यांवर आली होती.

मुंबईला इमिग्रेशनवर नाव निघालं आणि थांबवलं. कारणही सांगत नाहीत. काय करावं?

हे लुकआउट सर्क्युलर असतं, म्हणजे अमुक माणसाला देशाबाहेर जाऊ देऊ नका अशी इमिग्रेशनला दिलेली सूचना, आणि त्याचा सुरक्षा तपासणीशी काही संबंध नाही. परदेशी जाण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये येतो हे मनेका गांधी खटल्यात १९७८ मध्येच ठरलं आहे. जानेवारी २०१५ मध्ये कार्यकर्त्या प्रिया पिल्लई यांना दिल्लीत इमिग्रेशनवरच थांबवलं, मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. कर्जबुडीच्या नावाखाली सरकारी बँका थेट असं सर्क्युलर मागत, तो अधिकार मुंबई उच्च न्यायालयाने २३ एप्रिल २०२४ ला रद्द केला. थांबवल्याचं लेखी मागा, पासपोर्टवरचा शिक्का तपासा, कोणत्या यंत्रणेच्या विनंतीवरून हे विचारा आणि वकिलामार्फत त्या यंत्रणेकडे अर्ज करा.

ओझरला फोटो का काढू देत नाहीत?

कारण धावपट्टी हिंदुस्तान एरोनॉटिक्सची आहे. इथे सुखोई बनली, आता तेजस एमके-१ए ची जुळणी होते आणि हवाई दलाचा दुरुस्ती डेपोही शेजारी आहे. टर्मिनलच्या आत घरच्यांचा फोटो काढला तर सहसा कोणी हटकत नाही. धावपट्टी, हँगर, लष्करी विमानं आणि सुरक्षा तपासणीची जागा मात्र टिपू नका. जवानाने डिलीट करा म्हटलं तर त्याच्यासमोर तुम्ही स्वतः करा. फोन हातातून देण्याची गरज नाही.

बड्यांना झडती नसते ती कुठल्या नियमाने?

सूट असलेल्यांची अधिकृत यादी असते: राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री वगैरे पदं. सोनिया गांधींचे जावई रॉबर्ट वद्रा यांचं नाव तिच्यात नावानिशी होतं, ते सप्टेंबर २०१५ मध्ये काढलं. स्थानिक पुढाऱ्याचा माणूस 'साहेब आहेत' म्हणून रांग मोडत असेल तर त्याला या यादीचा आधार नाही. पदाला सूट समजू शकते, ओळखीला नाही.

अपमान झाला, वस्तू गेली. तक्रार कुठे करायची?

तिथल्या तिथे पाळीच्या प्रभारी अधिकाऱ्याला बोलावा. छातीवरचं नाव, वेळ, ओळीचा क्रमांक लिहून घ्या. त्याच दिवशी विमानतळ संचालकांना ईमेल करा आणि सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची विनंती स्पष्ट शब्दांत लिहा, कारण ते कायम ठेवत नाहीत. मग एअरसेवा ॲपवर आणि केंद्राच्या तक्रार पोर्टलवर, सीपीग्रॅम्सवर, नोंदवा.

माहिती अधिकारात एक खाच आहे. सीआयएसएफ या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणून त्यांच्याकडचा साधा अर्ज परत येतो. मानवी हक्कांचं उल्लंघन किंवा भ्रष्टाचार असा विषय असेल तर माहिती द्यावी लागते. उल्लंघनाच्या बाबतीत माहिती आयोगाच्या मंजुरीने, ४५ दिवसांत. म्हणून अर्जात 'मानवी हक्कांचे उल्लंघन' हे शब्द आणि कलम २४ चा उल्लेख घाला. मानवी हक्क आयोगाकडे एका वर्षाच्या आत जावं लागतं. राज्य पोलिसांविरुद्ध महाराष्ट्राच्या आयोगाकडे, सीआयएसएफविरुद्ध राष्ट्रीय आयोगाकडे. केंद्रीय सशस्त्र दलांच्या बाबतीत राष्ट्रीय आयोगाचे हात बांधलेले असतात: तो केंद्राकडून अहवाल मागवतो आणि शिफारस करतो.

जप्त झालेल्या कात्री-लायटरसाठी इतकं करू नये. त्याऐवजी तपासणीआधी वेळ असेल तर बाहेर सोडायला आलेल्या माणसाकडे वस्तू परत देऊ द्या अशी विनंती करा. ओझरसारख्या छोट्या टर्मिनलला हे बऱ्याचदा जमून जातं.